उभं राहायला मेंदूचे किती भाग लागतात?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मेंदूचं एक चित्र असतं. प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू: विचार, स्मरण, बुद्धी. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू: शरीराचा तोल. मस्तिष्कपुच्छ म्हणजे लंबमज्जा: श्वास, हृदयाचे ठोके. तीन नावं, तीन कामं, तीन गुण. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण घरातलं सत्तरीतलं माणूस पडलं, किंवा सकाळी उठताच कुणाला खोली गरगर फिरताना दिसली, की हे चित्र फारसं कामाला येत नाही. शरीराचं कुठलंच काम असं एका रकान्यात बसत नाही, तोल तर मुळीच नाही.

त्यापेक्षा रोजच्यातलीच एक गोष्ट घेऊ. रात्रीचे दोन वाजलेत. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ लघवीला उठतात. खोलीत अंधार आहे, बाथरूम दहा पावलांवर. एवढ्या वाटेत मेंदूचे जवळजवळ सगळे भाग कामाला लागतात, आणि म्हातारपणी माणसं पडतात ती बरेचदा याच वाटेवर.

जाग आली ती मूत्राशयामुळे. ते भरत जातं तशी त्याची भिंत ताणली जाते आणि ती खबर मेरुरज्जूतून वर ब्रेनस्टेमपर्यंत पोचते. ब्रेनस्टेम म्हणजे मोठ्या मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा दांडा. अंगठ्याएवढा जाड, सात-आठ सेंटिमीटर लांब. वरचा भाग मध्यमेंदू, मधला फुगीर भाग पॉन्स, सर्वांत खाली लंबमज्जा. पॉन्समध्ये पेशींचा एक छोटा पुंजका आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२० च्या दशकात मांजरांवर प्रयोग करून त्याची जागा दाखवली. तिथून हुकूम सुटला की मूत्राशय आवळतं आणि त्याच वेळी खालचं स्नायूंचं कडं सैल होतं. तान्ह्या बाळात हे आपोआप होतं. पुढे दोन-तीन वर्षांत मोठ्या मेंदूचा कपाळामागचा भाग या पुंजक्याला आवरून धरायला शिकतो. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात हाच भाग दुबळा होतो आणि लघवी आवरत नाही. घरचे लोक 'मुद्दाम करतात' म्हणून वैतागतात. ते मुद्दाम नसतं.

रात्री मुळात लघवी कमीच तयार व्हावी, ही सोय हायपोथॅलॅमसकडे आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हा भाग जेमतेम ४ ग्रॅमचा, पण त्याच्याकडे कामं किती! रक्तात क्षार वाढले की तहान तोच लावतो, आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरकही तोच बनवतो. तरुणपणी रात्री याचं प्रमाण वाढतं. वय झालं की ती रात्रीची वाढ ओसरते. म्हणजे रात्री तीनदा उठावं लागण्याचा सगळा दोष प्रोस्टेटवर टाकणं बरोबर नाही. दिवसरात्रीचं घड्याळही हायपोथॅलॅमसमध्येच आहे, दोन्ही बाजू धरून सुमारे २०,००० पेशींचं. तापमानही तोच राखतो. अंगात संसर्ग शिरला की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे त्याचं ३७ अंशांचं लक्ष्य वर सरकतं, ३९ वर वगैरे. शरीर अजून ३७ वरच असतं, म्हणून भर मे महिन्यात हुडहुडी भरते आणि रजई मागितली जाते. पॅरासिटामॉलने ते लक्ष्य पुन्हा खाली येतं आणि घाम फुटतो. 'घाम आला, ताप उतरला' असं आपण म्हणतो, पण आधी लक्ष्य उतरतं, मग घाम येतो.

आता गृहस्थ उभे राहिले. उभं राहताक्षणी अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. काहीच केलं नाही तर डोक्याकडचं रक्त कमी पडून माणूस कोसळेल. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या नसा आहेत. दाब घसरल्याचं त्या लंबमज्जेला कळवतात. लंबमज्जा ठोके वाढवते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळते, आणि हे सगळं काही सेकंदांत होतं. तरुण माणसाला पत्ताही लागत नाही. म्हाताऱ्या माणसात, बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात, पार्किन्सनमध्ये (कंपवातात) हा प्रतिसाद मंदावतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात एक दुष्टचक्र असं, की प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधं उभं राहिल्यावरचा रक्तदाब आणखी उतरवू शकतात. म्हणजे ज्याला रात्री उठावं लागतं त्यालाच उठल्यावर घेरी येण्याची शक्यता जास्त. त्यावर उपाय साधा आहे: पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं, मग उठायचं. आणि रात्री पुरुषांनीही बसूनच लघवी करावी. मूत्राशय रिकामं होतानाही दाब एकदम पडू शकतो, आणि उभ्याने कोसळलेला माणूस बाथरूमच्या फरशीवर आपटतो.

गृहस्थ जागे झाल्यापासून इथपर्यंत तोल हा शब्दही आलेला नाही. आता येऊ दे.

उभं राहणं म्हणजे स्थिर असणं नव्हे. दोन पावलांच्या चिंचोळ्या पायावर उभं शरीर सतत किंचित पुढे-मागे झुकत असतं आणि सतत सावरलं जात असतं. सावरायचं तर आधी कळायला हवं की आपण कुठे झुकलोय. हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं: डोळे, कानाचा आतला भाग, आणि पायांचे तळवे, घोटे, गुडघे यांतल्या नसा. तिघांचं म्हणणं ब्रेनस्टेममधल्या वेस्टिब्युलर केंद्रांत एकत्र येतं. ही केंद्रं पॉन्स आणि लंबमज्जा जिथे मिळतात तिथे आहेत. शाळेच्या चित्रात त्यांचं नाव नसतं, हे मला नेहमी खटकतं, कारण तोलाचा पहिला हिशेब इथेच होतो.

कानाच्या आत, हाडात कोरलेल्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो. पाण्याने भरलेली बादली गर्रकन फिरवली की बादली फिरते आणि पाणी क्षणभर जागच्या जागी राहतं. डोकं वळल्यावर नलिकेतल्या द्रवाचंही तेच होतं. मागे राहिलेला द्रव जेलीसारख्या एका पडद्यावर दाब देतो, पडद्यातल्या पेशींचे केस वाकतात आणि डोकं कुठल्या दिशेला, किती वेगाने वळलं हे मेंदूला समजतं. भिंगरी खेळून मूल थांबलं की जग फिरत राहतं ते याच कारणाने: मूल थांबलं, द्रव थांबला नाही. नलिकांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या आहेत, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. पुढे-मागे झालेली हालचाल, लिफ्टचं वर-खाली होणं, मान कुठल्या बाजूला कलली आहे, हे या खड्यांच्या वजनावरून कळतं.

हेच खडे कधीकधी जागा सोडतात आणि नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं, की खडे नलिकेतल्या द्रवाला ढकलतात आणि स्थिर असलेलं डोकं फिरतंय अशी खोटी खबर जाते. खोली गरगर फिरते, साधारण मिनिटभराच्या आत थांबते, पुन्हा तीच हालचाल केली की पुन्हा फिरते. डॉक्टरांच्या भाषेत बीपीपीव्ही. चक्कर येण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि याचा उपाय गोळी नाही. खडे नलिकेतून बाहेर काढायचे. जॉन एपली या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने यासाठी डोकं ठरावीक क्रमाने वळवायची पद्धत बसवली. डॉक्टर पाठीवर झोपवतात, डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर. काही मिनिटांचं काम, बरेचदा एकाच बैठकीत आराम. सुरुवातीला त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली, आज जगभर हीच पद्धत वापरतात. आपल्याकडे मात्र अजूनही अशा कित्येकांच्या गळ्यात मानेचा पट्टा पडतो, 'स्पॉन्डिलायटिस आहे' म्हणून, किंवा 'पित्त झालंय' म्हणून आठवडाभर ताक-भात.

कानाकडून ब्रेनस्टेमला आलेली खबर दोन वाटांनी जाते. एक खाली मेरुरज्जूतून पायांच्या स्नायूंकडे, झुकलेलं शरीर सावरण्यासाठी. दुसरी डोळ्यांच्या स्नायूंकडे, आणि ती फार चपळ आहे. आत्ता हा लेख वाचताना डोकं भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतील. आता डोकं स्थिर ठेवून फोन तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतील. पहिल्या वेळी डोकं जितकं वळलं तितकेच डोळे उलट दिशेला वळले, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात. मधे फक्त तीन चेतापेशींची साखळी असते, म्हणून एवढा वेग. दुसऱ्या वेळी कानाला हालचालीचा पत्ताच नव्हता, डोळ्यांना नुसतं बघून पाठलाग करावा लागला, आणि ते मागे पडले. ही सोय नसती तर चालताना रस्त्यावरच्या पाट्या वाचता आल्या नसत्या.

या साखळीवरून व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. कान धुताना रुग्णांना गरगरतं हे ते रोज बघत होते. एका रुग्णाने सांगितलं, पाणी पुरेसं कोमट नसलं की मला गरगरतं. बारानींनी मुद्दाम गार आणि गरम पाणी घालून पाहिलं, तर डोळे एकदा एका दिशेला थरथरत, एकदा उलट. पाण्याच्या तापमानामुळे आतला द्रव वाहू लागतो, आणि डोकं न हलवताही ही साखळी तपासता येते. नोबेल जाहीर झालं तेव्हा बारानी पहिल्या महायुद्धातले कैदी म्हणून रशियात होते. त्यांची ही पाण्याची चाचणी पुढे पुन्हा येणार आहे, फार गंभीर ठिकाणी.

तिसरी खबर पायांची. आपण तिला मोजतच नाही, कारण ती जाणवत नाही. पण अंधारात डोळे कामाचे नसतात, तेव्हा भिस्त पायांवर आणि कानावर. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटताच झोकांडी, तर पायांकडून येणारी खबर कमी पडते आहे, किंवा कानाची. घरी याची चाहूल मोरीत किंवा बेसिनपाशी लागते: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. बी-१२ च्या कमतरतेत मेरुरज्जूचा मागचा भाग, जिथून पायांची खबर वर जाते, तो झिजतो. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर तिघांत दोघांचं बी-१२ कमी निघालं. आजी-आजोबांचा तोल जातोय म्हणून थेट मेंदूचं एमआरआय करण्याआधी ही रक्ततपासणी झाली आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

मग लहान मेंदू करतो काय?

डोक्याच्या मागे, मानेच्या वर असलेला हा भाग वजनाने मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज या एवढ्याशा जागेत आहेत. नावाने लहान, पेशींनी मोठा.

१८२४ साली फ्रान्समध्ये पिएर फ्लुरांस यांनी कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा काढून पाहिला. कबुतरं लुळी पडली नाहीत. पंख हलत होते, पाय हलत होते, पण उडणं, चालणं, उभं राहणं जमेना. हालचाली होत्या, त्यांचा मेळ नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने फ्रान्समधल्या आघाडीवर डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक तपासले. ताकद बऱ्यापैकी टिकून, पण हात पेल्याकडे नेताना पुढे जायचा, मागे यायचा, जवळ येईल तसा जास्त कापायचा. त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की एक हात आपोआप चालतो, दुसऱ्याची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. लहान मेंदूचं काम याहून चांगलं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

तोल 'राखतो' म्हणण्यापेक्षा लहान मेंदू चुका मोजतो. मोठ्या मेंदूने हालचालीचा हुकूम सोडला की त्याची प्रत लहान मेंदूला मिळते. या हुकुमाने काय घडेल याचा तो अंदाज बांधतो, प्रत्यक्षात काय घडलं ते डोळे, कान, स्नायू यांच्याकडून घेतो, आणि फरक पडला तर पुढच्या वेळचा अंदाज सुधारतो. हे काम करणाऱ्या पुर्किन्ये पेशी, १८३७ साली त्यांचं वर्णन करणाऱ्या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. एकेका पेशीवर सुमारे दोन लाख जोडण्या येतात. शिवाय प्रत्येकीवर ब्रेनस्टेमकडून एकच वेगळा, जोरकस तंतू चढतो. तो 'चुकलं' हे सांगायला असतो, असं बहुतेक संशोधक मानतात.

हा अंदाज रोज अनुभवाला येतो. चष्म्याचा नंबर बदलला की पहिले काही दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. नव्या भिंगातून जग जरा मोठं किंवा लहान दिसतं, त्यामुळे डोकं वळल्यावर डोळे किती वळवायचे हा जुना हिशेब चुकतो. लहान मेंदू तो दुरुस्त करतो आणि आठवड्याभरात आपण विसरून जातो. रेल्वे स्टेशनवरच्या बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाऊल टाकतानाही पुढे झोक जातो. जिना बंद आहे हे डोळ्यांना दिसतंय, मोठ्या मेंदूला माहीत आहे, तरी पाय सवयीने धक्का धरूनच पडतात. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत याचंही कारण हेच सांगितलं जातं: आपल्याच बोटांचा स्पर्श कसा होणार ते लहान मेंदूने आधीच धरलेलं असतं.

दारूचा मोठा फटका या भागाला बसतो. बोलणं जड होणं, पाय फाकवून चालणं, सरळ रेषेत चालता न येणं, ही सगळी बिघडलेल्या लहान मेंदूची लक्षणं. आडवं झाल्यावर पलंग फिरतो ते मात्र कानामुळे. नलिकेतल्या त्या जेलीच्या पडद्यात मद्यार्क आधी शिरतो, द्रवात नंतर, त्यामुळे पडदा हलका होऊन तरंगू पाहतो. अपस्मारावर फेनिटॉइन घेणाऱ्यांनाही, औषध रक्तात जास्त साठलं की, दारू न पिता अगदी असंच होतं. अशा माणसाला रस्त्यात बेवडा समजून लोक बाजूला होतात.

चीनमध्ये २४ वर्षांच्या एका स्त्रीचा स्कॅन केला तेव्हा लहान मेंदूच्या जागी नुसता द्रव दिसला. जन्मापासून नव्हताच. २०१४ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. ती सातव्या वर्षी चालायला लागली, बोलणं स्पष्ट व्हायला सहा वर्षं गेली, चाल किंचित डळमळीत. बाकी तिचं लग्न झालेलं, मुलगी झालेली. 'अनुमस्तिष्क: शरीराचा तोल' या एका ओळीत ही बाई बसत नाही. लहानपणापासून नसेल तर उरलेला मेंदू बरंचसं काम उचलतो; चाळिशीत अचानक गेला तर मात्र माणूस आडवा होतो.

आपल्या गृहस्थांना पहिलं पाऊल टाकायला आणखी एक भाग लागतो, मोठ्या मेंदूच्या पोटातली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं. हालचाल सुरू करणं आणि नको त्या हालचाली थांबवून ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी त्यांना डोपामिन लागतं. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, डोपामिन बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी मरत जातात. मग दारापाशी पाय जमिनीला चिकटतात. कंपवात आणि लहान मेंदूचे आजार, दोन्हींत हात कापतो, पण कंपवातात मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापतो आणि कप उचलला की बरेचदा कंप कमी होतो. लहान मेंदूच्या आजारात स्वस्थ हात ठीक असतो, कप ओठांजवळ येताना कापतो. चहा दिला की फरक दिसतो.

इथे एक सांगायलाच हवं. चक्कर आणि मळमळीसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन सर्रास दिलं जातं. दोन-चार दिवस ठीक. पण ही औषधं डोपामिनला अडवतात, आणि महिनोन् महिने घेतली तर कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. शिवाय कानाच्या नसेला सूज येऊन तोल गेला असेल, तर सावरायचं काम लहान मेंदूने शिकून करायचं असतं. त्याला चुका दिसल्या तरच तो शिकेल. म्हणून सुरुवातीचे दिवस सरले की गोळी घेऊन पडून राहण्यापेक्षा उठून, डोकं हलवून, चालून बघणं फायद्याचं ठरतं. हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

गाडी लागते ती पोटाला का?

तोल आणि शरीराच्या आतली कामं वेगळी नाहीत याचा पुरावा घाटात मिळतो. आंबा घाटात एसटी वळणं घेते, मूल मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. कान सांगतात हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहोत. भांडण कान आणि डोळ्यांचं, आणि ओकारी पोटाला! कारण दोघांचं म्हणणं जिथे पोचतं, त्याच ब्रेनस्टेममध्ये खाली लंबमज्जेत उलटी घडवणारी केंद्रंही आहेत. त्यांना लागून एक छोटी जागा अशी आहे जिथे रक्तातलं विष थेट चाखलं जातं; मेंदूभर असलेलं संरक्षक आवरण तिथे नाही. इंद्रियांची खबर जुळेना म्हणजे विषबाधा झाली असं मेंदू धरतो आणि पोट रिकामं करतो, असं एक मत आहे. पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. कानाचा आतला भाग अगदी निकामी असलेल्यांना गाडी लागत नाही, एवढं मात्र पक्कं. चालकाला लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधीच कळतं. म्हणून पुढच्या सीटवर बसा, लांबवर रस्त्याकडे बघा, मोबाइल खिशात.

उलटीच्या शेजारीच श्वास आहे. लंबमज्जेतल्या काही हजार पेशींचा एक पुंजका श्वासाची लय धरतो. १९९१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याला प्री-बोट्झिंगर हे नाव जर्मनीतल्या एका परिषदेतल्या वाइनच्या बाटलीवरून पडलं. पण श्वासाची तहान प्राणवायू कमी पडल्याने लागत नाही, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते. विहिरीत कोण जास्त वेळ बुडून राहतो अशी पैज लावून मुलं आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. मग पाण्याखाली 'श्वास घे' हा इशारा येण्याआधीच प्राणवायू संपतो आणि शुद्ध हरपते. चांगले पोहणारेच यात जातात, कारण तेच इतका वेळ खाली राहतात.

ब्रेनस्टेम एकटा किती काळ तग धरतो, याचं एक विचित्र उदाहरण अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी घडलं. १९४५ मध्ये एका शेतकऱ्याने कोंबडा कापला, घाव जरा वर बसला. डोकं गेलं; ब्रेनस्टेमचा बराचसा भाग आणि एक कान राहिला. मालक त्याला ड्रॉपरने अन्न भरवत होता, आणि तो कोंबडा अठरा महिने जगला. चालायचा, दांडीवर तोल सावरून बसायचा.

माणसात उलटी बाजू कायद्याने पक्की केली आहे. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेनस्टेम कायमचा थांबला की माणूस मृत धरता येतो, यंत्रावर छाती हलत असली तरी. चार डॉक्टर तपासणी करतात, किमान सहा तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा करतात. बुबुळांवर प्रकाश, घशाला स्पर्श, व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून कार्बन डायऑक्साइड वाढू देणं आणि श्वास येतो का ते बघणं. त्यांतच एक, कानात बर्फाचं पाणी. बारानींचीच चाचणी. डोळे किंचितही हलले, तर ब्रेनस्टेम जिवंत आहे. कोमात पडलेला आणि मेंदूमृत माणूस यांतला फरक नातेवाइकांना समजावताना सगळ्यात अवघड जातं ते हेच, की कोमातल्या माणसाचा ब्रेनस्टेम कमी-जास्त चालू असतो, मेंदूमृतात काहीच उरलेलं नसतं.

लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम कवटीच्या मागच्या भागात एका अरुंद पोकळीत दाटीने बसलेले आहेत, आणि सर्वांत मोठा धोका याच शेजारामुळे येतो. लहान मेंदूची रक्तवाहिनी तुंबली तर पहिल्या दिवशी नुसती चक्कर, उलट्या आणि तोल जाणं एवढंच दिसू शकतं. हातापायांत ताकद असते, तोंड वाकडं नसतं, म्हणून पक्षाघाताचा संशय येत नाही आणि पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं जातं. साधं सीटी स्कॅनही या भागातला ताजा अटॅक चुकवू शकतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते, पसरायला जागा नसते, आणि ती शेजारच्या ब्रेनस्टेमवर दाबते. मग गुंगी येते, श्वास बिघडतो.

म्हणून खड्यांची चक्कर आणि ही चक्कर वेगळी ओळखता यायला हवी. मिनिटभर गरगरून थांबणारी, मान वळवल्यावरच येणारी चक्कर सहसा कानाची. पण चक्कर अचानक सुरू होऊन थांबतच नसेल, आधाराशिवाय उभंही राहता येत नसेल, एकाच्या जागी दोन दिसत असतील, बोलणं जड झालं असेल, गिळताना ठसका लागत असेल, कधी नव्हे इतकं डोकं किंवा मान दुखत असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. ज्या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय आहे तिथे जायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, आणि ते तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. झोपेतून उठतानाच त्रास जाणवला असेल, तर रात्री शेवटचं ठीक असल्याचं कुणी आणि किती वाजता पाहिलं, हे डॉक्टर आधी विचारतात.